दुर्लक्ष करायचे शब्द

"आई म्हणाल्या, पहिला शोध त्याच घेणार," सूनबाई सर्व्हरच्या पोटात हात घालून म्हणाली, आणि माझ्या हातातला टॉर्च असा हलला की मान वर न करताच तिला सांगावं लागलं, "बाबा, उजेड." मी उजेड जागेवर आणला. तळघरातली ती खोली यंत्रांसाठी थंड ठेवलेली, माणसाला शाल लागावी इतकी. तरी माझ्या कानशिलावर घामाचा थेंब होता. "काय शोधणार म्हणाली?" मी सहज विचारलं. सहज विचारायला गेलं की माझा आवाज नेमका खोकल्यासारखा येतो. "पूल," सूनबाई म्हणाली. "'पूल खचला नाही.' तुम्ही म्हणे त्यांना ती बातमी वाचून दाखवलीत आणि मग तुमचं जमलं. किती गोड! मला कधी बोलला नाहीत ते, बाबा?" मेमरीची पट्टी खाचेत टक्कन बसली आणि माझ्या छातीतलं काहीतरी तितक्याच नेटकेपणाने टक्कन निसटलं. जन्मभर मी लोकांना गोष्टी सांगत आलो. ही एकच कुणाला सांगितली नव्हती, कारण या एकाच गोष्टीत मी खोटं बोललो होतो. बाकीच्यांत मी फक्त वाढवून सांगतो. वाढवून सांगणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. पहिल्यात ऐकणाऱ्याला मजा येते, दुसऱ्यात सांगणाऱ्याला झोप येत नाही.

मी कात्रणकाका. अडतीस वर्षं या वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात काढली. म्हणजे विभाग मीच, विभागप्रमुख मीच, आणि विभागप्रमुखाच्या नावाने खडे फोडणारा शिपाईही मीच. आदल्या दिवशीचा अंक कापायचा, तुकड्यावर तारीख घालायची, विषयाच्या पेटीत टाकायचा. पेट्या दोनशे सोळा. कात्रीने अंगठ्याला पडलेला घट्टा अजून आहे. नात लहानपणी त्याला बटण समजून दाबायची आणि मी एक गोष्ट सोडायचो. कामाचा उरक राहावा म्हणून मी एक नियम केला होता: पहिला शब्द पाहायचा आणि पेटीत टाकायचं. 'खून' दिसला की गुन्हे, 'चेंडू' दिसला की खेळ. या नियमामुळे 'सिंहाचा वाटा' उचलणारे एक कारखानदार बरीच वर्षं माझ्याकडे वन्यप्राण्यांत राहिले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पुढे वाळवी लागली तेव्हा तिने दोनशे पंधरा पेट्या चाखल्या, पण अग्रलेखांच्या पेटीला तोंड लावलं नाही, आणि तेव्हाच्या संपादकांनी ते आठवडाभर मनाला लावून घेतलं. हे कुणाला खरं वाटत नाही. त्यांनी दोनच दिवस मनाला लावून घेतलं होतं. पाच दिवस माझ्या पदरचे. कुणी काही शोधायला आलं की मी डोळे मिटून पेटीत हात घालायचो आणि हवं ते काढून द्यायचो. लोक तोंडात बोटं घालायचे. डोळे मिटण्याआधी मी पेटीवरची चिठ्ठी वाचून घेतो, हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, कारण तोवर मी गोष्ट सुरू केलेली असायची.

आता त्या पेट्यांतला कपटान् कपटा यंत्राने टिपून घेतला होता, यंत्रानेच त्यावरची अक्षरं वाचली होती, आणि या सगळ्यावर शोधसेवा बसवायचं काम नव्या संपादकाने माझ्या सुनेला दिलं होतं. घरचं माणूस म्हणून नव्हे. तिचा व्यवसायच तो. लोकांच्या सर्व्हरवर शोधयंत्र बसवून द्यायचं, त्याला खाऊपिऊ घालायचं, रुसलं की समजूत काढायची. मला मात्र घरचं माणूस म्हणूनच बोलावलं होतं. "पेट्यांचं लॉजिक फक्त तुम्हाला माहितीये, काका," संपादक म्हणाला. त्याला काका म्हणताना माझ्या नियमाची कल्पना नव्हती. पहिले चार दिवस सेवा चालू व्हायची, अर्धं मिनिट जगायची आणि मान टाकायची. मग सूनबाई लॉग उघडायची. लॉग म्हणजे यंत्राने स्वतःबद्दल लिहिलेली रोजनिशी, आणि यंत्र फारच प्रामाणिक लिहितं. 'स्मरणशक्ती अपुरी पडली, सबब मी थांबतो' असं मरता मरता नोंदवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणून आज ही जादा मेमरी. पट्टी बसली, झाकण लागलं, पंखे फिरू लागले, अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं, सेवा जिवंत राहिली. पडद्यावर एक ठिपका उगवला. पिवळा. "हिरवा का नाही?" मी विचारलं. "एकटं आहे म्हणून," सूनबाई म्हणाली. "प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवायचा त्याचा नियम आहे. दुसरं मशीन नाही, प्रत ठेवायला जागा नाही, म्हणून पिवळा. काम करतं हो सगळं. फक्त निर्धास्त नसतं." मी त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिलो. एकेचाळीस वर्षं मीही असाच, काम करत होतो सगळं.

त्या वर्षी माझ्या अंगठ्याला घट्टा नव्हता आणि डोक्यावर केस होते. ती दारात उभी राहिली तेव्हा आधी वास आला, रॉकेलचा. छपाईचे, एकेका अक्षराचे शिशाचे खिळे धुवायला रॉकेल वापरायचे. ती एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायची, आमंत्रणं, पावत्या, नाटकाच्या जाहिराती. बोटांची टोकं शाईने निळीकाळी, आणि त्या बोटांनी ओढणीचा काठ अगदी सांभाळून धरलेला, जसा फक्त शाईवाली माणसं धरतात. तिचे वडील नदीवरच्या नव्या पुलाचे मुकादम. आमच्या अंकात बातमी आली होती: 'नवा पूल खचला.' दोन बोटं खचला म्हणे. पूल जागच्या जागी होता. बातमीदार दोन बोटं खचलेला असणार, तो नेहमीच असायचा. पण छापलेलं ते छापलेलं. मुकादमांनी अंथरूण धरलं. पेपरने चूक दुरुस्त केली असं कुणीतरी सांगितलं होतं, पण ती ओळ घरात कुणी पाहिली नव्हती. "एवढंच हवंय," ती म्हणाली, "पूल खचला नाही, असं कुठे छापलं असेल तर दाखवा. बाबा म्हणतात, लोकांच्या तोंडचं नको, छापलेलं आण." मी पुलांची पेटी उपसली, रस्ते उपसले, नद्या, अपघात, सरकारी निवेदनं, शेवटी दंतवैद्यकसुद्धा, कारण दातांचाही पूल असतो. तीन दिवस ती रोज कामावरून सुटून यायची, टेबलापलीकडच्या स्टुलावर बसायची, आणि मी तिला शोधता शोधता गोष्टी सांगायचो. दुसऱ्या दिवशी ती हसली. तिसऱ्या दिवशी पेट्या संपल्या. ती उठली, म्हणाली, "नाही सापडत ना. असू दे. उद्यापासून नाही यायची मी." तिचा तो उठतानाचा आवाज, स्टुलाचा एक पाय आखूड असल्याचा, टक्, अजून कानात आहे. आणि माझा हात माझ्याआधी बोलला. जवळच्या पेटीत वरच्यावर जो कपटा होता तो उचलून मी म्हणालो, "थांबा, सापडलं!"

ती बसली. मी वाचू लागलो. कागद हातात होता, डोळे तिच्याकडे. काय वाचलं ते शब्दन् शब्द आठवतंय, कारण ते माझंच होतं. तज्ज्ञांची समिती आली, पुलाच्या बरोबर मध्यावर त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला, त्याच्या शेजारून चौदा भरलेल्या मालगाड्या हाकल्या, आणि थेंब सांडला नाही. मग अध्यक्षांनी ते पाणी पिऊन टाकलं आणि जाहीर केलं की इतका निश्चल पूल आणि इतका काळजीवाहू मुकादम आपल्या उभ्या हयातीत पाहिला नाही. दहा मिनिटं वाचत होतो. ती टेबलापलीकडून गालावर हात ठेवून ऐकत होती. मी कपटा पेटीत टाकला, झाकण लावलं, आणि कात्रण बाहेर नेता येत नाही असाही एक नियम जन्माला घालून सांगितला. महिन्याने तिचे वडील काठी टेकत हिंडू लागले. वर्षाने आमचं लग्न झालं. मुकादम पुढे सोळा वर्षं जगले, आणि प्रत्येक भेटीत माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबायचे, काही न बोलता, पूल बांधणाऱ्या माणसाच्या हातांनी. ते दाबणं मला दुखायचं. त्यांना वाटायचं, जावयाची बोटं नाजूक आहेत.

तर ही आमची बातमी. आणि आता तळघरात एक असं यंत्र बसत होतं, ज्याला माझ्यासारखं डोळे मिटून काही काढता येत नव्हतं. असेल ते दाखवायचं, नसेल तर 'शून्य निकाल' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी अंक पसरून बसलो होतो. समोर ही. माझं पहिलं पान वाचून व्हायच्या आत तिने पलीकडून म्हटलं, "उलटा की पान." हिला पेपर उलटाच लागतो. खिळे उलटे असतात, ओळी उलट्या जुळवतात, त्यात सारं तारुण्य गेलं. सुलट अक्षर हिला जरा परकंच वाटतं. "अगं," मी म्हणालो, "तो शोधबिध... तू कशाला दगदग करतेस? संपादक घेईल पहिला शोध. त्याच्या हौसेचा भाग आहे."
"दगदग कसली? तीन शब्द टाकायचे."
"सगळ्या पेट्या नीट वाचल्या असतीलच असं नाही यंत्राने. वाळवी लागली होती, आठवतं ना?"
"अग्रलेख सोडून," ती म्हणाली. "आठवतं. अहो, पान उलटा."

मी पान उलटलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. इतकं काही नव्हतं की मला त्यात सगळंच दिसू लागलं.

त्याच दिवशी सूनबाईने मला यादीचं काम दिलं. तिचं यंत्र आपल्या भाषेत अगदीच अडाणी होतं. पूल त्याला कळायचा. पुलाला, पुलावर, पुलाखालून ही त्याला तीन निराळी माणसं वाटायची. घोडा आणि घोड्याने यांची त्याने कधी ओळखच करून घेतली नव्हती. मी त्याला विभक्ती शिकवली. सूनबाई टाइप करायची, मी शेजारी बसून रूपं म्हणायचो, शाळेत ज्या चालीवर पाठ केली होती त्या चालीवर, आणि वरच्या मजल्यावरचे दोन उपसंपादक उगीच पाणी प्यायला खाली येऊन ऐकून गेले. संध्याकाळपर्यंत यंत्र पुलाखालून गेलेल्या माणसालाही पुलाच्या नावाने ओळखू लागलं. मग ती म्हणाली, "आता दुर्लक्ष करायचे शब्द द्या, बाबा. आणि, पण, तर, की, असे. हे इतक्या वेळा येतात की शोधताना मध्ये मध्ये लुडबुडतात. यादीत घातले की यंत्र ते ऐकतच नाही." मी कागद घेतला. आणि, पण, तर, की, मग, व, हा, ही, हे. पेन थांबलं. म्हातारपणी चांगले विचार यायला वेळ लागतो. वाईट मात्र पूर्वीच्याच चपळाईने येतात. मी 'हे'च्या खाली, जरा लहान अक्षरात, लिहिलं: नाही.

हिशोब सरळ होता. यंत्र 'नाही' ऐकणारच नाही. ही टाकणार 'पूल खचला नाही'. यंत्र शोधणार 'पूल खचला'. निदान काहीतरी सापडणार. हिचा चष्मा जुना, पडदा चकाकता, मी शेजारी उभा राहून म्हणणार, "बघ, सापडलं," आणि चहा मागवणार. सूनबाईने यादी वाचली, 'नाही'पाशी भुवई उचलली. "हा कसा काय?" मी म्हणालो, "अगं, सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द तोच. सरकारी कचेरीत जाऊन बघ." ती हसली आणि तिने तो घातला. विश्वासाने घातला. यंत्र पहिल्यापासून सगळं वाचायला बसलं. सहा तास लागणार होते. मी घरी येऊन रात्री गाढ झोपलो. खोटं पचलं की झोप येते, हे मी वर सांगितलंच नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाचणी. सूनबाई म्हणाली, "आईंचंच टाकून बघू." तिने तीन शब्द टाकले. सात निकाल, क्षणार्धात. "सापडलं!" ती म्हणाली, आणि मी तोंड उघडलं, काहीतरी चुरचुरीत बोलावं म्हणून, आणि ते उघडंच राहिलं. पहिला निकाल, सगळ्यात वर, जाड अक्षरांत: 'नवा पूल खचला.' खाली दुसरा: 'पूल खचल्याने नागरिकांत घबराट.' तिसरा: 'पूल का खचला? मुकादमाच्या कामाबद्दल शंका.' मुकादमांचा हात माझ्या हाताला लागला. खरंच लागला, अंगठ्यापाशी, घट्ट्यावर. उद्या ही इथे बसणार, विचारणार की माझ्या बापाचा पूल खचला नाही ना, आणि जगातलं सगळ्यात नवं यंत्र सात तोंडांनी सांगणार की खचला, खचला, खचला. आणि मी शेजारी उभा राहून म्हणणार, बघ, सापडलं. एका थापेवर दुसरी ठेवली की मजला चढतो असं मला नेहमी वाटत आलं. पहिल्यांदाच दिसलं की खालची खचते. पंखे घोंघावत होते. ठिपका पिवळाच होता. "सूनबाई," मी म्हणालो, "तो 'नाही' काढ."
"का हो?"
"काढ म्हणतो ना. तो शब्द महत्त्वाचा आहे."
"काल तर म्हणालात..."
"काल मी लबाड होतो." मग मी तिला सगळं सांगितलं. स्टूल, कपटा, पेला, मालगाड्या. हात न लावता, न वाढवता, आयुष्यात पहिल्यांदा. त्यामुळे ते फार लवकर संपलं. सूनबाईने खुर्ची माझ्याकडे फिरवली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "चौदा?"
"काय चौदा?"
"मालगाड्या. चौदा का? दहा पुरल्या असत्या." आणि खुदकन हसली. मग यादी उघडून तिने 'नाही' खोडला. "पुन्हा सगळं वाचायला लावते. सहा तास. पण बाबा, सांगून ठेवते. उद्या शून्य येईल. आईंना तुम्ही आजच सांगा."

मी सांगणार होतो. जेवताना सांगणार होतो, पण ही पोळी वाढत होती आणि हात मोकळे नसताना माणसाला धक्का देऊ नये. नंतर सांगणार होतो, पण तिने उद्या कोणती साडी नेसू विचारलं आणि मी निळी म्हणालो आणि ती म्हणाली, निळीला शाई लागली तर कळत नाही, म्हणून तुम्हाला निळी आवडते, माहितीये मला. एकेचाळीस वर्षांत तिला किती काय काय माहीत होतं. जे एक माहीत नव्हतं, ते सांगायला मला सबंध संध्याकाळ पुरली नाही.

सकाळी अकराला तळघरात आम्ही चौघं. संपादक नवा कोट घालून आला होता आणि थंडीचं निमित्त करून तो काढत नव्हता. जाहिरात विभागात धूळ खात पडलेलं एक मशीन सूनबाईने पहाटेच आणून शेजारी जोडलं होतं, पण ते अजून घरात रुळलं नव्हतं, ठिपका पिवळाच. ही निळी साडी नेसून खुर्चीत बसली. दोन बोटांनी, एकेक खिळा उचलावा तशी, एकेक कळ दाबत तिने तीन शब्द जुळवले. संपादक म्हणाला, "काकू, बटण दाबा." मी म्हणालो, "थांब." आवाज खोकल्यासारखा आला, म्हणून कुणी थांबलं नाही. तिने दाबलं.

शून्य निकाल.

कोरा पडदा फार पांढरा असतो. संपादकाने घसा साफ केला, "नेटवर्क असेल," असं काहीतरी म्हणाला. मी हिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "नेटवर्क नाही," मी म्हणालो. "यंत्र बरोबर आहे. असं काही छापूनच आलं नव्हतं. मी तेव्हा थाप मारली. तू उठून चालली होतीस, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. पेला नव्हता, मालगाड्या नव्हत्या. तुझ्या बाबांना मी... " पुढचं वाक्य तयार नव्हतं. मी वाक्याविना उभा आहे, हे दृश्य त्या इमारतीत पूर्वी कुणी पाहिलं नसेल. ही वळली नाही. पडद्याकडेच बघत तिने सूनबाईला विचारलं, "अगं, हे तुझं यंत्र एखादं अक्षर इकडचं तिकडे समजून घेतं का? छापखान्यात चुका होतात."
"घेतं ना. एका अक्षराची माफी देता येते. थांबा हं." सूनबाईने काहीतरी बदललं. "आता दाबा."

एक निकाल.

पेटी क्रमांक एकशे अठरा, फुले-बागा. माझ्या अक्षरातली तारीख. मथळा: 'फूल खचला नाही.' खाली मजकूर: 'गेल्या आठवड्यातील या संबंधीचे वृत्त निराधार असल्याचे संबंधितांनी कळवले आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' "स्कॅनरने 'प'चा 'फ' वाचला असेल," म्हणत सूनबाईने मूळ कपट्याचं चित्र उघडून मोठं केलं. फ. ठसठशीत, पोटातून शेपूट काढलेला, आमच्याच छापखान्यातला फ. जुळाऱ्याने चुकीच्या खणात हात घातला होता, आणि मी पहिला शब्द पाहून ते गुलाबांच्या कलमांशेजारी ठेवून दिलं होतं. तीन दिवस मी दंतवैद्यकापर्यंत जाऊन आलो. बागेत डोकावलो नाही. आणि मग ते हळूहळू, पायाच्या अंगठ्यापासून वर चढत आलं: शेवटी स्टुलाच्या टक् आवाजाला मी जी पेटी उघडली, ती जवळची, खिडकीखालची, फुलांची. वरच्यावर जो कपटा होता, ताजा, त्याच आठवड्याचा...

"हाच होता," ही म्हणाली. "तुमच्या हातात."

"तुला काय ठाऊक? कागद माझ्याकडे तोंड करून होता!"

"म्हणजे माझ्याकडे उलटा. कात्रीने कापायच्या टेबलावर दिवा केवढा असतो, कागदातून अक्षर आरपार दिसतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मी कागदाकडे. आधी म्हटलं, हा माणूस फूल का वाचतोय? मग खालची ओळ वाचली. मग कळलं की हा काहीच वाचत नाहीये."

"आणि बोलली नाहीस?"

"दोन ओळींची बातमी तुम्ही दहा मिनिटं वाचत होतात. मध्येच कसं थांबवू? पाणी कोण पितं ते मला ऐकायचं होतं." संपादक आता कोट विसरून जिन्याच्या पायरीवर बसला होता. "घरी जाऊन बाबांना सांगितलं, छापलंय, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. किती ओळी, त्यांनी विचारलं. म्हटलं दोन. म्हणाले, दोन पुरेत. मग तुमचा पेला सांगितला. तेव्हा हसले, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, पेला ठेवला नव्हता, पण ठेवला असता तरी सांडला नसता. तो वेडा आहे, पण त्याला पूल कळतो." तिने चष्मा काढून पुसला. "मी ते उलटंच वाचलं होतं. एकदा सुलट बघायचं होतं, बाकी काही नाही."

म्हणजे मी एकेचाळीस वर्षं जिच्यासाठी झोप घालवली ती थाप खरी होती, आणि तिची प्रत पहिल्या दिवसापासून समोरच्या स्टुलावर सुरक्षित होती. मुकादम माझा हात दाबायचे ते माफी म्हणून नव्हे, दाद म्हणून. मी हसायला लागलो, खोकल्यासारखा, आणि सूनबाईने माझ्या पाठीवर थापटी मारली. "पण मग आई," ती म्हणाली, "तुम्ही होकार दिलात तो कशाला? बातमीला की थापेला?"

"होकार?" ही म्हणाली. "यांनी विचारलं तेव्हा मी 'नाही'च म्हणाले होते. चांगलं दोनदा. यांनी ऐकलंच नाही. तुझ्या त्या यादीत यांनी तो शब्द आत्ता घातला असं तू म्हणतेस, पण यांच्याकडे तो पहिल्यापासूनच आहे."

मी सूनबाईकडे पाहिलं. ती एकाएकी वायरी तपासू लागली होती. काल जेवायच्या आधी दोघी गच्चीत कपडे काढायला गेल्या होत्या, आणि कपडे चारच होते. शेजारच्या जुन्या मशीनने एवढ्यात एक लांब श्वास घेतला, पंखे फिरले, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका, कुणी बघत नसताना, हिरवा झाला.

ही उठली, खुर्ची मागे सरकवली आणि समोरच्या बाजूला, टेबलापलीकडे जाऊन बसली. "वाचा," ती म्हणाली.

"काय वाचू? आहे तिथे दोन ओळी."

"छापलेलं मला पाठ आहे. दुसरं वाचा."

मी पडद्याकडे तोंड केलं आणि डोळे तिच्याकडे. "'तज्ज्ञांची समिती आली,'" मी वाचू लागलो, "'पुलाच्या बरोबर मध्यावर त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला, आणि त्याच्या शेजारून सव्वीस भरलेल्या मालगाड्या...'"

"चौदा," टेबलापलीकडून ती म्हणाली.